धडक पोलीस गाडीची, पंचनामाही पोलिसांचाच

आमच्या शेजारच्या वहिनींनी मागच्या पावसाळ्यात माझ्यासमोर चार पानी कागद ठेवला. एफआयआरची झेरॉक्स होती. त्यांचे मिस्टर कामावरून दुचाकीने घरी येत होते, तिठ्यावर पोलिसांच्या जीपशी धडक झाली आणि ते जागच्या जागी गेले. कागदावर आरोपीच्या रकान्यात त्यांचंच नाव होतं, पुढे कंसात ‘मयत’. खाली मजकूर असा: ‘यातील मयत याने आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला.’ फिर्यादी म्हणून त्याच ठाण्यातल्या एका हवालदाराचं नाव होतं, ‘सरकारतर्फे’. जीप चालवणारा शिपाई साक्षीदार झाला होता.

वहिनींना ठाण्यात सांगण्यात आलं, “ताई, गाडी सरकारी आहे. तिला विमा नसतो. कोर्टात जाऊन तुमच्या हाती काही लागायचं नाही.”

यातली पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत, तिसरं साफ चूक. पण दुःखात असलेल्या घराला तीनही एका दमात सांगितली की तिन्ही खरी वाटतात. मी वकील नाही. नात्यातल्या एका अपघाताच्या दाव्यामुळे हे कागद वाचायची सवय लागली. जे समजलं ते सोपं करून मांडतो आहे, कारण ही वेळ कोणावरही येऊ शकते.

कायद्यात पोलिसांना सूट आहे का?

बेदरकार गाडी चालवण्याची सूट कोणालाच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६(१) आहे: निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवला तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या भारतीय दंड विधानात हेच कलम ३०४-अ होतं आणि शिक्षा २ वर्षांपर्यंतच होती. बेदरकार वाहन चालवण्याचं जुनं २७९ आता २८१ झालं आहे. यातल्या कोणत्याही कलमात ‘पोलीस वगळून’ असे शब्द नाहीत.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाची कर्तव्यं सांगतं: जखमीला उपचार मिळतील असं पाहायचं, आणि लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, पोलीस ठाण्यात कळवायचं. जमाव अंगावर आला, अशी अडचण असेल तेवढाच अपवाद. हेही सर्व चालकांना सारखंच.

उलट एका ठिकाणी कायदा पोलिसांशी जास्त कडक आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २१०-ब आलं. मोटार वाहन कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानेच त्यातला गुन्हा केला, तर त्याला दुप्पट दंड. ज्याच्या हातात पावतीपुस्तक, त्याची जबाबदारी दुप्पट, हे संसदेने स्वतः लिहून ठेवलं आहे.

(न्याय संहितेतलं कलम १०६(२), म्हणजे अपघात करून न कळवता पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद, हे जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर बाजूला ठेवलं गेलं. बाकी संहिता लागू झाली तेव्हा ते लागू झालं नाही.)

“पण ते ड्युटीवर होते, घाई असणारच”

हा आक्षेप रास्त आहे. कुठे मारामारी सुरू असेल तर पोलिसांची गाडी सिग्नलला थांबून राहावी असं कोणी म्हणणार नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांच्या गाड्यांना तातडीच्या कामासाठी प्राधान्य दिलं आहे. मात्र ती मुभा खरोखरच्या तातडीपुरती आहे आणि काळजी घेण्याच्या अटीवर आहे. सायरन म्हणजे ‘मला वाट द्या’ ही विनंती आहे. समोरच्याला ती ऐकू आली, कळली आणि बाजूला व्हायला त्याला वेळ मिळाला, याची खात्री चालवणाऱ्यानेच करायची असते.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात २३ जानेवारी २०२३ रोजी जे घडलं ते याच मुद्द्यावर येऊन थांबलं. आंध्र प्रदेशातून शिकायला गेलेली २३ वर्षांची विद्यार्थिनी रस्ता ओलांडत होती. अमली पदार्थाच्या अतिसेवनाच्या कॉलवर निघालेली पोलीस गाडी तिच्यावर आदळली. त्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर. गाडीचा वेग ७४ मैल, म्हणजे जवळजवळ ११९ किलोमीटर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी फौजदारी खटला भरायला नकार दिला. अधिकाऱ्याने जाणूनबुजून लोकांचा जीव धोक्यात घातला हे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी वाहतूक नियमभंगाचा ५ हजार डॉलरचा दंड लावण्यात आला.

तो चालक नशेत होता का हे तपासायला जो दुसरा अधिकारी आला, तो त्याच दलातला आणि पोलीस संघटनेचा पदाधिकारी. गाडीत बसून फोनवर तो हसत हसत म्हणाला की त्या मुलीची किंमत मर्यादितच होती. त्याच्या अंगावरचा कॅमेरा चालू राहिला होता, म्हणून जगाला हे समजलं. त्याला जुलै २०२४ मध्ये आणि गाडी चालवणाऱ्याला जानेवारी २०२५ मध्ये नोकरीतून काढलं. कॅमेरा बंद असता तर त्या तपासणीबद्दल कागदावर चार कोरडी वाक्यं उरली असती.

ब्रिटनने याच प्रश्नावर वेगळी वाट काढली. २०२२ च्या कायद्याने तिथे असं ठरवलं की प्रशिक्षित पोलीस चालकाचं वागणं तसंच प्रशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या सावध पोलीस चालकाशी ताडून पाहायचं. म्हणजे वेग हाच आपोआप गुन्हा नाही, पण प्रशिक्षण हवं, आणि ते घेतलेल्याने केली नसती अशी चूक केली तर ती चूकच. मला ही कसोटी पटते. ती पोलिसांना वाऱ्यावर सोडत नाही आणि मेलेल्या माणसालाही.

खरी मेख: फिर्यादी कोण?

कायदा सारखा आहे, मग वहिनींच्या हातात तसा कागद का आला? कारण कायदा लागू होतो तो पुराव्यावर, आणि पुरावा गोळा करणारा ठरतो पहिल्या काही तासांत.

गावोगावी कोंडवाडे असत. मोकाट गुरं कोणाच्या पिकात शिरली की ती कोंडवाड्यात न्यायची, मालकाने दंड भरून सोडवायची. आता समजा कोंडवाडा सांभाळणाऱ्याचीच गाय तुमच्या ज्वारीत शिरली. तिला कोण हाकत नेणार? पीक किती खाल्लं हे कोण लिहिणार? तो माणूस वाईट असेलच असं नाही. पण नुकसान तुमचं आणि नोंदवही त्याची, हे जुळणारं नाही.

एखाद्या सामान्य माणसाच्या गाडीने कोणाला उडवलं तर काय होतं ते बघा. गाडी जप्त होऊन ठाण्याच्या आवारात लागते. परवाना घेतला जातो. चालकाला रक्ताच्या नमुन्यासाठी सरकारी रुग्णालयात नेतात. घटनास्थळाचा पंचनामा होतो: चाकांच्या खुणा, काचा, रस्त्याची रुंदी, गाड्या कोणत्या बाजूला पडल्या. आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडीचे ब्रेक तपासून अहवाल देतो. गुन्हा जामीनपात्र असल्याने माणूस घरी येतो, पण कागद त्याच्या मागे लागलेले असतात. हे सगळं योग्यच आहे.

गाडी पोलिसांची असेल तर यातली प्रत्येक पायरी त्याच ठाण्यातल्या किंवा शेजारच्या ठाण्यातल्या सहकाऱ्याच्या हातात असते. रात्रपाळी एकत्र केलेली, बंदोबस्तात एका डब्यातलं खाल्लेलं. रक्ताचा नमुना घ्यायला तासभर उशीर करायला कोणाला कट रचावा लागत नाही. मन कचरलं तरी पुरतं.

आणि वेळ गेली की पुरावा जातो. रक्तातला अल्कोहोल तासागणिक उतरतो. कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्राम. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तेव्हा गाडी पोलिसांची नव्हती, श्रीमंत घरातल्या अल्पवयीन मुलाकडे होती. पण येरवडा ठाण्याच्या दोन अधिकाऱ्यांना वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल निलंबित करावं लागलं, आणि ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. पहिल्या काही तासांची किंमत सगळ्या महाराष्ट्राने तेव्हा पाहिली.

आता त्या ‘सरकारतर्फे’ शब्दाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय तिथे लपतो. मृत्यू झाला की बहुतेकदा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. मग चौकशी करून पोलीसच फिर्यादी होतात. मृत व्यक्तीवरच गुन्हा दाखवला की आरोपी हयात नाही म्हणून प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात जातो. त्याला आपल्याकडे ‘अबेटेड समरी’ म्हणतात. समरी म्हणजे तपास थांबवण्याचा अहवाल: गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘अ’, तक्रार खोटी असेल तर ‘ब’, गैरसमजातून झालेली असेल तर ‘क’.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात सांगितलं की असा अहवाल मान्य करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याने फिर्यादीला नोटीस देऊन ऐकलं पाहिजे. चांगला निर्णय. पण इथे फिर्यादी कोण? हवालदार. त्याला नोटीस जाणार आणि तो ‘हरकत नाही’ म्हणणार. मृताच्या नातेवाइकांना नोटीस मिळण्याचा हक्क त्याच निकालात नाही. मात्र ते स्वतःहून हजर झाले तर त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, हे त्याच निकालात आहे. घरच्यांना तारीखच माहीत नसेल तर ते हजर होणार कसे?

म्हणून घरातल्या कोणीतरी, शक्य तितक्या लवकर, स्वतःची लेखी फिर्याद द्यावी. ठाण्याने घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) खाली ती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. दखलपात्र, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी निकालात स्पष्ट केलं आहे. आता ३ किंवा जास्त, पण ७ पेक्षा कमी वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, तेवढा बदल झाला आहे.

“पोलिसावर गुन्हा नोंदवायला सरकारची परवानगी लागते ना?”

गुन्हा नोंदवायला नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८, जुनं १९७, हे न्यायालयाने खटल्याची दखल घेण्याच्या टप्प्यावरचं आहे. तेही कृत्य अधिकृत कर्तव्याशी जोडलेलं असेल तरच. बंदोबस्तात लाठी चालवणं हे कर्तव्याशी जोडलेलं असू शकतं. रिकाम्या रस्त्यावर चुकीच्या बाजूने जीप घालणं कर्तव्याशी कसं जोडायचं, हे न्यायालयात पटवून द्यावं लागेल. नव्या संहितेत सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं, ही सुधारणा आहे.

पण दुसरीकडे एक दार अरुंदही झालं आहे. लोकसेवकाविरुद्ध कर्तव्याच्या संदर्भातली तक्रार न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली, तर कलम १७५(४) खाली तपासाचा आदेश देण्याआधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं पाहावं लागतं. सामान्य चालकाला असं आधी विचारत नाही कोणी. इथे मात्र कायद्यातच दोन मापं आहेत.

विमा नाही, मग भरपाई कोण देणार?

सरकार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६(२) प्रमाणे व्यापारी कामासाठी नसलेल्या सरकारी गाड्यांना सक्तीच्या विम्यातून सूट आहे. ती का दिली? सरकारची तिजोरी बुडत नाही, म्हणून. विमा नाही याचा अर्थ भरपाई नाही असा होत नाही. अर्थ एवढाच की कंपनीऐवजी राज्य सरकार स्वतः पैसे देणार.

हे १९६२ पासून पक्कं आहे. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप १९५२ मध्ये दुरुस्तीहून परत येत होती. पदपथावरून चाललेल्या माणसाला तिने धडक दिली आणि तीन दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. मागे पत्नी विद्यावती आणि तीन वर्षांची मुलगी. १५ हजार रुपयांसाठी राजस्थान सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं आणि हरलं. खासगी मालक जसा आपल्या चालकाच्या चुकीला जबाबदार, तसंच राज्यही, असं न्यायालयाने ठरवलं. सरकारी वकील कधी कधी १९६५ च्या कस्तुरीलाल निकालाचा आधार घेतात. तो पोलिसांनी जप्त केलेल्या सोन्याचा होता आणि ‘सार्वभौम काम’, म्हणजे फक्त राज्यच करू शकतं असं काम, त्यातल्या चुकीला सरकार भरपाई देणं लागत नाही असं त्यात आहे. पुढे न्यायालयांनी त्याची व्याप्ती आखडत आणली. जीप चालवणं कोणीही करतं, त्यात सार्वभौम काही नाही.

भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे कलम १६६ खाली अर्ज करायचा. तिथे सामनेवाले म्हणून चालक आणि राज्य सरकार दोघांना घ्यायचं. कायद्यात मुदत सहा महिन्यांची लिहिली आहे, म्हणून वाट पाहत बसू नये. आणि महत्त्वाचं: इथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कोणती बाजू जास्त संभवनीय एवढं पाहतात. एफआयआरमध्ये मृतालाच आरोपी केलं असलं तरी दावा चालतो. साक्षीदार आणि पंचनामा वेगळं सांगत असतील तर न्यायाधिकरण स्वतंत्र निष्कर्ष काढू शकतं. दोष सिद्ध न करता मिळणारी ठरावीक रक्कमही आहे, कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण कोणता मार्ग घ्यायचा हे आधी वकिलाशी बोलून ठरवावं, कारण एक घेतला की दुसरा बंद होऊ शकतो.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपासी अंमलदाराने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये याची अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले आहेत. ठाण्यात जाऊन नम्रपणे विचारा, “साहेब, ४८ तासांचा अहवाल गेला का? त्याची प्रत मिळेल का?” नियम माहीत असलेल्या माणसाशी बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

“निलंबित केलं ना? मग अजून काय पाहिजे?”

निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवण्याची ती सोय आहे, त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. बातमी निलंबनापाशी संपते आणि लोकांना वाटतं निकाल लागला. विभागीय चौकशीचं पुढे काय झालं हे मृताच्या घरी कोणी कळवत नाही.

शिवाय निलंबित होतो तो बहुधा चालक शिपाई. सोळा तास जागलेला, जुनी गाडी, आणि मागून साहेबांचा आवाज, “दाब जरा, वेळेत पोचायचंय.” ज्याने वेग वाढवायला सांगितलं त्याचं नाव कागदावर येत नाही. पोलीस आणि नागरिक यांच्यात जशी दोन मापं आहेत, तशीच पोलीस दलाच्या आतही आहेत. हा लेख त्या शिपायाच्या विरोधात नाही.

मग तपास करायचा कोणी?

कोणी म्हणेल, पोलिसांनी पोलिसांचा तपास करायचा नाही तर करणार कोण? उत्तर आपल्या कायद्यात अर्धं आहेच. कोठडीत कोणाचा मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी बंधनकारक आहे. का? कारण मृत्यूच्या वेळी माणूस पोलिसांच्या ताब्यात होता आणि पुरावाही त्यांच्याच हातात. पोलीस गाडीखाली माणूस मेला तर पुरावा तितकाच त्यांच्या हातात असतो. तरी तिथे तशी सक्ती नाही. ही फट बुजवायला नवी यंत्रणा लागत नाही. पोलीस वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला की तपास आपोआप दुसऱ्या जिल्ह्याकडे किंवा सीआयडीकडे जावा, एवढा एक आदेश पुरेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी प्रकरणं पोलीस दलाला स्वतंत्र आयोगाकडे कळवावीच लागतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालाने २००६ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणं उभारायला सांगितली, महाराष्ट्रात ती कायद्यात आलीही. तिथे तक्रार करता येते, पण घटनास्थळी पहिल्या तासात टेप लावून मोजमाप करणारा माणूस त्यांच्याकडून येत नाही.

खोट्या तक्रारींनी पोलिसांचा छळ होईल, अशी भीती अनेक पोलीस मित्र बोलून दाखवतात. मला वाटतं बाहेरच्या तपासाचा सर्वात मोठा फायदा त्यांनाच आहे. चूक दुचाकीस्वाराचीच होती, असं सहकाऱ्याने लिहिलं तर गाव मानत नाही. परक्या अधिकाऱ्याने लिहिलं तर मानेल.

वहिनींनी माहिती अधिकारात त्या जीपच्या त्या दिवसाच्या लॉगबुकच्या पानाची प्रत मागितली आहे: गाडी किती वाजता निघाली, कुठल्या कामाला, किती किलोमीटर. तिठ्यावरच्या खत दुकानदाराने कॅमेऱ्याचं चित्रण आपणहून पेन ड्राइव्हवर दिलं, चार दिवसांनी ते पुसलं गेलं असतं. दावा दाखल झाला आहे, सामनेवाले क्रमांक २ महाराष्ट्र शासन. आणि समरीच्या तारखेला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहता यावं म्हणून त्या दर सोमवारी कोर्टाच्या बोर्डावर गुन्हा रजिस्टर नंबर शोधायला जातात, पिशवीत ती झेरॉक्स घेऊन, आरोपीच्या रकान्यावर घडी येईल अशी दुमडलेली.